एक्सएमपी टिकत नाही, रॅम पुन्हा २६६६ वर येते: आधी सेल बघा, मग लाइट, मग रॅम

तक्रार साधारण अशी असते. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगच्या पानात) जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅमला खोक्यावर लिहिलेल्या वेगानं चालवायची सोय, चालू केलं, रॅम ३२०० वर आली, चार दिवस सगळं छान चाललं. मग एका सकाळी पीसी दोन-तीनदा आपोआप चालू-बंद होतो, कसाबसा सुरू होतो, आणि टास्क मॅनेजर उघडला तर वेग २६६६ किंवा २४००. पुन्हा एक्सएमपी लावायचं, पुन्हा चार दिवस. सांगली, मिरज, सातारा, कराड, कुठेही गेलात तरी हेच रडगाणं ऐकू येतं. यावर लोक दोनच उपाय करतात: रॅमचं व्होल्टेज चढवतात, नाहीतर रॅम खराब ठरवून नवी आणतात. दोन्ही घाईचे आहेत.

वरून एकच दिसणाऱ्या या बिघाडाची मुळं तीन आहेत: मदरबोर्डवरचा सेल उतरणं, लाइट जाण्या-येण्यामुळे बोर्डाचा गैरसमज होणं, आणि रॅम त्या वेगावर खरोखरच न टिकणं. तपासायचं याच क्रमानं, कारण पहिल्या दोन गोष्टींना फारसा खर्च नाही, आणि त्या बाजूला केल्याशिवाय तिसरीबद्दल काहीच खात्रीनं सांगता येत नाही. (सीपीयू-झेड हे माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर १६०० दाखवतं म्हणून घाबरू नका. डीडीआरमध्ये तो आकडा निम्मा दिसतो; १६०० म्हणजेच ३२००. आसूसच्या एएमडी बोर्डांवर एक्सएमपीची सोय डीओसीपी नावानं असते, एमएसआयच्या जुन्या एएमडी बोर्डांवर ए-एक्सएमपी, आणि डीडीआर५ च्या एएमडी बोर्डांवर एक्स्पो.)

आधी घड्याळ बघा, पण विंडोजचं नाही

आपल्याकडे रात्री काम संपलं की भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद करायची पद्धत आहे. सवय चांगलीच आहे, फक्त तिचा एक परिणाम लक्षात ठेवा. बटण चालू असताना पीसी बंद असला तरी एसएमपीएसमधून (पीसीच्या पॉवर सप्लायमधून) ५ व्होल्टची स्टँडबाय लाइन चालू राहते, आणि सेलवर जवळपास भार येत नाही. बटण बंद केलं की घड्याळाचा सगळा भार त्या सीआर२०३२ सेलवर पडतो. तीन-चार वर्षं जुना, उतरत आलेला सेल रात्रभर तग धरत नाही, आणि तो पडला की बोर्ड घड्याळाबरोबर बहुतेक सेटिंगही मूळ पदावर नेतो. म्हणून ज्यांचं बटण कायम चालू असतं त्यांना हा त्रास वर्षभर कळतही नाही.

तपासायची रीत: रात्री बटण बंद करा. सकाळी चालू करताच डिलीट दाबत थेट बायोसमध्ये जा आणि तारीख-वेळ बघा. विंडोज सुरू होऊ द्यायचं नाही, कारण नेट जोडलेलं असेल तर विंडोज वेळ दुरुस्त करून घेतं आणि पुरावाच पुसला जातो. बायोसमध्ये तारीख काही वर्षं मागे गेलेली दिसली, किंवा घड्याळ मागे पडलेलं असलं, तर दोष सेलचा. ब्राउझर सकाळी सकाळी सुरक्षित साइटही उघडायला नकार देतो आणि थोड्या वेळानं आपोआप सुधारतो, हीसुद्धा त्याचीच खूण.

मल्टिमीटर असेल तर प्लग काढून, सेल जागेवरच ठेवून मोजा: काळी काडी कॅबिनेटच्या उघड्या धातूला, लाल काडी सेलच्या वरच्या भागाला. नवा सेल ३ व्होल्टच्या थोडा वर दाखवतो. २.८ च्या खाली असेल तर बदला. प्लग लावून मोजू नका; भार नसताना मरायला टेकलेला सेलही बरा आकडा दाखवतो. नवा सेल घालताना अधिक चिन्हाची बाजू वर, आणि सीआर२०२५ घालू नका. तो व्यासानं तेवढाच पण पातळ असतो, त्यामुळे साच्यात ढिला बसतो आणि टेबलाला धक्का लागला तरी संपर्क सुटतो.

तारीख बरोबर आणि तरीही एक्सएमपी गेलेलं, तर सेल निर्दोष आहे. पुढे चला.

लाइट जाते, येते, पुन्हा जाते

एक्सएमपी चालू असलेला बोर्ड प्रत्येक वेळी सुरू होताना रॅमची पडताळणी करतो. ती पूर्ण व्हायच्या आत पीसी बंद पडला तर बोर्डाच्या हिशेबी तो फसलेला प्रयत्न. असे दोन-तीन प्रयत्न लागोपाठ फसले की बोर्ड ‘ओव्हरक्लॉकिंग फेल्ड’ (वाढवलेला वेग टिकला नाही) असा संदेश देऊन सुरक्षित वेगावर येतो. रॅम फसली की वीज गेली, हे त्याला ओळखता येत नाही.

वळवाच्या पावसात लाइट जाऊन पाच सेकंदात येते आणि पुन्हा जाते, हे आपल्याकडे नेहमीचंच. त्यात बायोसमध्ये ‘रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस’ ही सोय ‘पॉवर ऑन’ किंवा ‘लास्ट स्टेट’ वर असेल, तर प्रत्येक वेळी लाइट आली की पीसी स्वतःहून सुरू व्हायला जातो आणि अर्ध्यावर पडतो. तीन झटक्यांत एक्सएमपी गेलं. ही सोय ‘पॉवर ऑफ’ वर ठेवा. काही बोर्डांत तिचं नाव ‘एसी बॅक’ असतं. एवढ्या एका बदलानं बऱ्याच पीसींची तक्रार कायमची मिटते.

घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचा खटका बघा. यूपीएस मोडमध्ये इन्व्हर्टर साधारण १० मिलीसेकंदांत भार उचलतो; साध्या मोडमध्ये त्याहून बराच जास्त वेळ घेतो. एसएमपीएस आपल्या पोटातल्या कपॅसिटरवर पूर्ण भारात जेमतेम १६-१७ मिलीसेकंद निभावतो. म्हणजे साध्या मोडमध्ये पीसी रिस्टार्ट होणं हा इन्व्हर्टरचा दोष नाही आणि ओव्हरक्लॉकचाही नाही. इन्व्हर्टर चौकोनी वेव्हचा असेल आणि एसएमपीएस अॅक्टिव्ह पीएफसीचा (पॉवर फॅक्टर आपोआप सुधारणारा), तर यूपीएस मोडमध्येही एसएमपीएस आडमुठेपणा करतो. तिथे प्युअर साइन वेव्हला पर्याय नाही.

आता रॅम

तारीख बरोबर, लाइट गेलेली नाही, तरीही वेग मागे येतो किंवा ब्लू स्क्रीन येतो: आता रॅमकडे वळा. आणि इथे पहिला प्रश्न व्होल्टेजचा नसून वेळेचा आहे. त्रास सकाळी पहिल्यांदा चालू करताना होतो, की दुपारी तासभर काम झाल्यावर? या एका उत्तरावर पुढचा सगळा रस्ता ठरतो.

सकाळचा त्रास साताऱ्याकडे जास्त. डिसेंबर-जानेवारीत रात्रभर बंद पडलेल्या खोलीतला पीसी पार गारठलेला असतो. बोर्ड सुरू होताना प्रत्येक डेटा लाइनवर ठरावीक नमुने पाठवून सिग्नलची वेळ जुळवतो. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. थंड चिपमध्ये ही वेळ जरा वेगळी पडते, आणि आधीच काठावर असलेली जुळणी तेवढ्या फरकानं चुकते. गंमत अशी की चुकल्यावर रिसेट दाबलं, पाच मिनिटं थांबलं, की तोच पीसी ३२०० वर सुरळीत सुरू होतो आणि दिवसभर एकही चूक करत नाही. म्हणून दिवसा केलेली कोणतीही चाचणी हा दोष पकडू शकत नाही. खरी चाचणी एकच: रात्री बटण बंद, सकाळी थंड असताना चालू, असं सलग पाच दिवस.

डीडीआर४ साठी उपाय या क्रमानं करा, एका वेळी एकच, आणि प्रत्येकानंतर थंड सकाळची चाचणी:

१. रॅमचं व्होल्टेज १.३५ वरून १.३७ करा. नाही जमलं तर १.३८. बोर्डात ट्रेनिंगसाठी किंवा बूटसाठी वेगळं रॅम व्होल्टेज असेल तर तेही तेवढंच ठेवा. बऱ्याचदा वरचं बदललेलं असतं आणि हे १.२० वरच राहिलेलं असतं.
२. रायझन (एएमडीचा प्रोसेसर) असेल तर एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरचं) ऑटोवरून काढून १.१० द्या. एएम४ (रायझन ५००० पर्यंतचं सॉकेट) वर १.२० च्या वर जायचं नाही.
३. ‘मेमरी रिट्राय काउंट’ सारखी सोय असेल तर ३ ते ५ करा. बोर्ड पहिल्याच अपयशात हार मानणार नाही.
४. रायझनवर प्रोकओडीटी (प्रोसेसरच्या बाजूचा सिग्नल शोषणारा रोध) ऑटोऐवजी ४०, मग ४३.६, मग ४८ ओहम करून बघा.
५. एवढ्यानं भागलं नाही तर वेग ३२०० वरून ३०६६ किंवा २९३३ करा, टायमिंग (सीएलसारखे, रॅमनं किती क्लॉक थांबायचं ते सांगणारे आकडे) तेच ठेवा.

पाचवा उपाय कमीपणाचा मानू नका. २९३३ आणि ३२०० मधला फरक रोजच्या कामात घड्याळ लावूनही सापडत नाही. २६६६ सीएल१९ वरून ३२०० सीएल१६ वर जाणं मात्र जाणवतं, कारण मागितलेल्या डेटाचा पहिला तुकडा मिळायला लागणारा उशीर १४.२५ नॅनोसेकंदांवरून १० वर येतो. ३६०० सीएल१८ चा उशीरही बरोबर १० च निघतो, तेव्हा खोक्यावरचा मोठा आकडा बघून भुलू नका.

डीडीआर५ वाल्यांनी एक लक्षात ठेवावं: बायोस बदलल्यावर किंवा नवी रॅम घातल्यावर पहिली ट्रेनिंग कित्येक मिनिटं चालते, स्क्रीन काळीच राहते. घाबरून बटण दाबलं की ट्रेनिंग पुन्हा पहिल्यापासून. दहा-पंधरा मिनिटं हात लावू नका.

दुपारचा त्रास ही सांगलीची गोष्ट. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीला टेकतो, पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत त्याहून जास्त, कॅबिनेटमध्ये आणखी वर, आणि ग्राफिक्स कार्डाची गरम हवा सरळ रॅमवर. रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे सूक्ष्म कपॅसिटरमधला चार्ज. तो गळत असतो, म्हणून ठरावीक वेळानं पुन्हा भरावा लागतो. तापमान वाढलं की गळती वाढते. डिसेंबरात बसवलेलं, दहा तास तपासलेलं सेटिंग मे मध्ये चुका करतं ते यामुळे.

यात सगळ्यात जास्त गोत्यात येतात ते टीआरईएफआय हाताने वाढवणारे. हा आकडा म्हणजे दोन भरणींमधलं अंतर. डीडीआर४ ला ते ७.८ मायक्रोसेकंद असतं. ३२०० वर क्लॉक १६०० मेगाहर्ट्झ, म्हणजे ७.८ गुणिले १६०० बरोबर १२४८०. बेंचमार्कमध्ये चार गुण जास्त मिळतात म्हणून कुणाचं तरी बघून ३२७६८ किंवा ६५५३५ टाकलेलं असतं. थंडीत ते खपून जातं. उन्हाळ्यात आधी हा आकडा ऑटोवर आणा. टीआरएफसीही (एका भरणीला दिलेला वेळ) फार कमी केलं असेल तर वाढवा. ८ गिगाबिटच्या चिपसाठी मानक ३५० नॅनोसेकंद आहे, म्हणजे ३२०० वर ५६० क्लॉक.

उष्णतेचाच दोष आहे हे पक्कं करायला महागडं काही लागत नाही. कॅबिनेटची बाजूची पाटी काढा, टेबल फॅन रॅमवर रोखून लावा आणि तीच चाचणी पुन्हा घ्या. पंख्यासमोर चुका थांबल्या आणि पाटी लावल्यावर पुन्हा आल्या, तर व्होल्टेज वाढवून उपयोग नाही. उलट उष्णता वाढून चुका वाढतील. रॅमवर सेन्सर असेल तर एचडब्ल्यूइन्फो६४ हे सॉफ्टवेअर तापमान दाखवतं. मर्यादेजवळ चालवलेली रॅम ५० अंशांच्या आत ठेवायचा प्रयत्न करा. पुढे एक आत ओढणारा पंखा बसवा. आणि कॅबिनेट उघडलंच आहे तर जाळ्या बघा: गाळप हंगामात कारखान्याच्या धुराड्यातून उडणारी काळी राख, मार्केट यार्डाच्या बाजूला हळदीची बारीक पिवळी भुकटी. ही भुकटी पंख्याच्या पात्यांवर थरानं चिकटते आणि नुसत्या फुंकरीनं जात नाही. ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरून ठेवा.

चाचणी कशी घ्यायची

पहिली चाचणी विंडोजमध्ये नको. अस्थिर रॅमवर विंडोज चालवलं की फायली गुपचूप बिघडतात, आणि त्या बिघडल्याचं महिन्यांनी कळतं. पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ चालवा; मोफत आवृत्ती चार फेऱ्या करते, १६ जीबीला काही तास लागतात. तिथे शून्य चूक आली तर मग विंडोजमध्ये टेस्टमेम५ किंवा ओसीसीटीची मेमरी चाचणी. एक चूकसुद्धा चूकच. ‘एकच तर आली’ असं म्हणून पुढे जाऊ नका. ज्या मशिनवर दुकानाचं बिलिंग, जीएसटीचा हिशेब किंवा ग्राहकांच्या लग्नाचे फोटो आहेत त्यावर हाताने केलेलं ओव्हरक्लॉक ठेवूच नये असं माझं ठाम मत आहे. एक्सएमपी पूर्ण तपासून ठेवा, त्यापुढे जाऊ नका.

रॅम दोषी ठरवण्याआधी

रॅमच्या काड्या कुठल्या खाचेत आहेत ते बघा. चार खाचांच्या बोर्डावर दोन काड्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. पहिल्या आणि तिसऱ्यात घातल्या तरी पीसी चालतो, पण बहुतेक बोर्डांत रिकामी राहिलेली टोकाची खाच सिग्नल परतवते आणि जास्त वेगावर चुका येतात. नदीकाठच्या दमट घरांत पिनांवर मळकट थर धरतो. पांढऱ्या खोडरबरनं सोनेरी पिना एकाच दिशेनं हलक्या पुसा, चुरा झटकून मगच बसवा.

आधी एक ८ जीबी होती, वर्षानं दुसरी ८ जीबी घेतली, दोन्ही त्याच कंपनीच्या, दोन्हीवर ३२०० लिहिलेलं. तरीही आतल्या चिप वेगळ्या असू शकतात. एकेक काडी एकटी ३२०० वर टिकते आणि जोडीनं पडते, तर दोष कुठल्याच काडीत नाही; जोडी जमत नाही एवढंच. २९३३ वर चालवा आणि विषय सोडा. चारही खाचा भरल्या असतील तर अपेक्षा आणखी खाली आणा. रायझन ५००० साठी एएमडीचा अधिकृत आकडा दोन काड्यांना ३२००, चार ड्युअल रँक (चिपांचे दोन संच असलेल्या) काड्यांना २६६६. रायझन ७००० वर चार काड्यांचा अधिकृत आकडा ३६०० आहे. चार काड्या घालून ६००० ची आस धरणाऱ्यांनी हे आधी बघावं.

प्रोसेसरची मर्यादाही असते. रायझन ५ २६०० अधिकृतपणे २९३३ चा आहे. त्यावर ३६०० ची रॅम लावून ती टिकत नाही म्हणणं बरोबर नाही. इंटेलमध्ये बी४६० आणि त्याआधीच्या बी मालिकेच्या बोर्डांवर, तसंच एच४१०, एच५१०, एच६१० वर प्रोसेसरच्या अधिकृत वेगापुढे रॅम जातच नाही. बी५६० पासून ती मोकळी झाली. आय५ १२४०० सारख्या, नावाच्या शेवटी ‘के’ नसलेल्या प्रोसेसरवर एसए व्होल्टेज (मेमरी कंट्रोलरचं) कुलूपबंद असतं, त्यामुळे गिअर १ मध्ये (कंट्रोलर रॅमच्याच वेगानं चालतो तेव्हा) ३६०० अडखळू शकतं. ३२०० ठेवा.

प्रोसेसर सगळ्यात शेवटी

रॅम आणि प्रोसेसर एकाच दिवशी छेडले तर दोष कुणाचा हे कधीच कळणार नाही. रॅम आठवडाभर टिकली की मगच प्रोसेसर. रायझन ५००० वर सगळ्या कोअरना एकच वेग आणि एकच व्होल्टेज ठोकायचा जुना मार्ग सोडा. आपल्या उन्हाळ्यात १.३ व्होल्टच्या वर ठेवलेला प्रोसेसर सोबतच्या कूलरवर तापतो आणि एका कोअरचा वेग उलट कमी मिळतो. पीबीओ (वेग आपोआप वाढवणारी एएमडीची सोय) आणि कर्व्ह ऑप्टिमायझर (प्रत्येक कोअरचं व्होल्टेज घटवणारी सोय) वापरा: सगळ्या कोअरना उणे १०, आठवड्यानं उणे १५.

कर्व्ह ऑप्टिमायझरचा बिघाड फसवा असतो. सिनेबेंच ही प्रोसेसरची चाचणी तासभर निर्धास्त चालते, आणि रात्री नुसता ब्राउझर उघडा असताना पीसी रिस्टार्ट होतो. हलक्या कामात एकच कोअर सर्वांत वरच्या वेगाला जातो आणि तिथेच व्होल्टेज अपुरं पडतं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए-लॉगरची (हार्डवेअरच्या चुका टिपणाऱ्याची) नोंद १८ शोधा. तिच्यातला एपीआयसी आयडी कोणता कोअर पडला ते सांगतो. साधारणपणे दोन लागोपाठचे आकडे एका कोअरचे. सगळ्यांना मागे न नेता त्या एका कोअरचा आकडा पाचनं शून्याकडे आणा (उणे १५ असेल तर उणे १०). नोंद १९ सतत दिसत असेल तर बहुधा एफसीएलके (प्रोसेसरचे भाग जोडणाऱ्या मार्गाचा क्लॉक) जास्त झालंय. तो १८०० वर आणि रॅम ३६०० पर्यंतच ठेवा. नुसती कर्नल-पॉवर ४१ असेल तर तिच्यावरून काहीच ठरवू नका. लाइट गेली तरी तीच नोंद होते.

इंटेलचा तेराव्या किंवा चौदाव्या पिढीचा मोठा डेस्कटॉप प्रोसेसर असेल तर काहीही करण्याआधी बायोस अद्ययावत करा. व्होल्टेजच्या चुकीमुळे हे प्रोसेसर झिजत होते. इंटेलनं ऑगस्ट २०२४ मध्ये ०एक्स१२९ आणि त्यानंतर ०एक्स१२बी हा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) दिला, आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. एएम५ (रायझन ७००० आणि पुढचं सॉकेट) वर मे २०२३ किंवा त्यानंतरचा बायोस हवाच. एसओसी व्होल्टेजला १.३० ची मर्यादा त्यातच आली.

बायोस बदलताना पीसी यूपीएसवर हवा आणि आभाळ गच्च असेल तर काम दुसऱ्या दिवसावर टाका. विंडोज ११ ची बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) रिकव्हरी की आधी लिहून ठेवा, कारण बायोस बदलल्यावर ती मागितली जाऊ शकते. सगळ्या बायोस पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

पीसी मुळीच उठत नसेल तर सीमॉस (बायोसची साठवलेली सेटिंगं) पुसा: प्लग काढा, कॅबिनेटचं बटण दहा सेकंद दाबून उरलेली वीज उतरवा, बोर्डावर सीएलआर सीमॉस, सीएलआरटीसी किंवा जेबॅट१ लिहिलेल्या दोन पिना स्क्रू ड्रायव्हरनं दहा सेकंद जोडा. पिना सापडत नसतील तर सेल पाच मिनिटं बाहेर काढा.

एवढं करूनही एखादी काडी एकटी, दुसऱ्या खाचेत, मूळ २६६६ वर, पंख्यासमोर चुका देत असेल तर ती काडी खरंच गेली. बहुतेक नामांकित कंपन्या रॅमला लाइफटाइम वॉरंटी देतात. बिल, मेमटेस्टच्या लाल ओळींचा फोटो आणि काडीवरचं लेबल शाबूत ठेवा. जोडीचं पाकीट असेल तर सहसा दोन्ही काड्या पाठवाव्या लागतात, तेव्हा तेवढ्या दिवसांसाठी एखादी जुनी काडी हाताशी असू द्या.